दाराआड काय लटकतं?

चावीवाल्या काकांचा ब्राउझर जावयाने रविवारी सकाळी साडेदहाला बदलायला घेतला आणि अकराच्या आत घरातलं एकही खातं उघडेनासं झालं.

जावई तसा वाईट नव्हता. कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला होता आणि काही लोक डॉक्टर बदलतात तसे ब्राउझर बदलायचा. आधीचा आपल्यावर हेरगिरी करत होता हे त्याला दरवेळी नव्याने कळायचं. मग तो नवा घ्यायचा, आणि घेतला की सगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन त्यांनाही घ्यायला लावायचा. त्याच्या मावशीचे वर्षात तीन ब्राउझर झाले होते. चौथ्याच्या वेळी तिने दार उघडलं नाही म्हणतात.

"बाबा, हा तुमचा जुना तुमच्यावर पाळत ठेवतो," जावई म्हणाला. "कोण काय शोधतं, कधी शोधतं, सगळं लक्षात ठेवतो तो."

"माहीत आहे," काका म्हणाले. पुढचं त्यांनी गिळलं.

पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. कंप्युटर मुळात त्यांच्या बायकोचा. दुकान पुढे आणि घर मागे, आणि मधल्या खोलीत टेबलावर तो, वर तिने शिवलेलं कापडी झाकण. ती जाऊन आठ महिने झाले होते. दुकानाला लागणाऱ्या कोऱ्या चाव्या मागवायला काका एकदा त्यावर बसले, वरच्या पट्टीत 'क' टाकला, तर कोऱ्या चाव्यांच्या आधी भलतंच आलं, 'कपाटाला येणारा कुबट वास'. हे तिने कधीतरी शोधलेलं. मग सहज 'न' टाकला. 'नवरा घोरत असेल तर कुशीवर कसा वळवावा' आलं. त्याच्याखाली 'नवरा ऐकत नसेल तर काय करावे'.

तेव्हापासून काका रोज दुपारी शटर अर्धं ओढून चहा घेऊन तिथे बसायचे आणि एक अक्षर टाकायचे. एका दिवशी एकच. जास्त वापरलं तर संपेल अशी त्यांना भीती होती. 'ल' ला लेकीच्या गावचं हवामान यायचं, 'ड' ला डाळिंबाचे डाग. बाराखडी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

आता हे जावयाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी आपलं "जुनाच बरा आहे" एवढंच म्हटलं. म्हातारी माणसं हे सगळ्याच बाबतीत म्हणतात, त्यामुळे कारण कोणी विचारत नाही.

जावयाने नवा उतरवला. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला. बाहेर जाता जाता तो सांगून गेला की स्क्रीनवर प्रश्न येतील, त्यांना उत्तरं देत राहा. प्रश्न आलेच. तुम्ही कुठे राहता ते पाहू का? अधूनमधून तुम्हाला काही सांगू का? मी तुमचा कायमचा ब्राउझर होऊ का? काकांना हा ओळख होण्याआधीच घरात राहायला येणारा पाहुणा वाटला. त्यांनी सगळ्यांना "नको" दाबलं. शेवटी त्याने विचारलं, जुन्यातले सगळे पासवर्ड, इतिहास आणि खुणा इकडे घेऊन येऊ का?

काका लग्न झाल्यापासून, म्हणजे चौतीस वर्षं, कुलपांच्या धंद्यात होते. जो माणूस सगळा जुडगा एकदम मागतो त्याला एकही किल्ली द्यायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी "नको" दाबलं, जरा जोरातच, आणि चहा ठेवायला आत गेले.

जावई परत आला तेव्हा स्क्रीनवर "सर्व तयार आहे" असं लिहिलेलं होतं. सामान हललं असं समजून त्याने जुना ब्राउझर काढून टाकला. जाताना जुन्याने गळा काढला: जाताय? आमचं काय चुकलं? पाचपैकी एक कारण निवडा. सोबतची माहितीही पुसायची का, असंही त्याने विचारलं. जावई म्हणाला, "घर सोडलं की झाडून द्यावं, बाबा," आणि "हो" दाबलं. आतून काकांना फक्त बटणांची खटखट ऐकू आली. चहा बाहेर आला तरी जावई काहीतरी टाइप करतच होता. काका दिसल्यावर घाईने थांबला.

सोमवारी दुपारी काकांनी चहा घेतला आणि 'न' टाकला. पाळी खरं तर 'ध' ची होती, पण मनात शंका होती. नव्या ब्राउझरने कुठल्याशा नटीचा काडीमोड दाखवला. 'क' टाकला तर केसगळती आणि कंबरदुखी. काकांना ना केस होते ना कंबरेची तक्रार. चहा तसाच राहिला.

त्यांनी जावयाला फोन लावला. कोऱ्या चाव्यांचं पान उघडत नाही एवढंच सांगितलं. ते खोटंही नव्हतं. नवा म्हणत होता की हे पान धोक्याचं आहे, आणि ते पान म्हणत होतं की जुना ब्राउझर घेऊन या. लग्नात दोन्हीकडची माणसं एकमेकांना पसंत नसावीत आणि मध्ये जेवण अडून राहावं, तशी गत. जुन्यातलं सामान नव्यात आलंच नव्हतं हे जावयाच्या लक्षात आलं आणि त्याने मुकाट्याने चूक मान्य केली. पण सगळं काही गेलं नव्हतं. आईंच्या खात्यात एक प्रत असणार. जुना पुन्हा उतरवायचा, त्यात आईंचं खातं उघडायचं, की नवा सगळं सामान तिथून उचलेल.

"खातं कसं उघडायचं?"

"पासवर्ड टाकून."

"तो कुठे आहे?"

"जुन्या ब्राउझरमध्ये होता," जावई म्हणाला.

काकांनी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. आधी तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, असं फर्मान आलं. ज्या चित्रांत जिना आहे ती निवडा. काकांनी निवडली. एका चित्रात शिडी होती. शिडी म्हणजे जिना की नाही यावर ते पाच मिनिटं अडले. माणूस असण्यात तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाले. मग निरोप आला की शेवटी एक्केचाळीस असलेल्या नंबरवर आकडे पाठवले आहेत. तो तिचा नंबर होता. तो त्यांनी स्वतःच रांगेत उभं राहून बंद केला होता. त्यांनी 'दुसरा मार्ग वापरा' दाबलं.

तेवढ्यात शाळेतल्या बाई धापा टाकत आल्या. दार ओढून बाहेर आल्या होत्या आणि किल्ली आत राहिली होती.

"बसा जरा, मी पण बाहेरच अडकलोय," काका म्हणाले.

"काका, तुम्ही निदान घरात बसून अडकलाय. माझा गॅस चालू आहे."

काका हत्यारांची पिशवी घेऊन धावले. दारापाशी पोचल्यावर मात्र नेहमीप्रमाणे थांबले. गॅस चालू असो नाहीतर पाणी, घर त्याच माणसाचं आहे याची खात्री केल्याशिवाय ते कुलपाला हात लावत नसत. त्यासाठी ते कागद मागत नसत. कागद खोटे असतात.

"दाराआड काय लटकतं?" त्यांनी विचारलं.

"आत्ता? गॅस..."

"दाराआड काय लटकतं, बाई?"

"निळी पिशवी. आणि कुत्र्याचा पट्टा. कुत्रा गेला, पट्टा ठेवलाय."

दोन मिनिटांत दार उघडलं. आत निळी पिशवी होती आणि पट्टाही होता. काकांनी त्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाई गॅसकडे धावल्या, आणि काका निघाले.

घरी आले तर दुसरा मार्ग स्क्रीनवर वाट पाहत होता. लिहिलं होतं, तुम्ही स्वतः ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. तीन संधी मिळतील. तिन्ही चुकल्यास हे खातं कायमचं बंद होईल.

खाली प्रश्न होता: दाराआड काय लटकतं?

काका खुर्चीत बसले. चौतीस वर्षं हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला होता. त्यांना तो कोणी विचारला नव्हता. आणि हिने तो उचलून, न विचारता, इथे आणून ठेवला होता.

उत्तर सोपं होतं. स्वयंपाकघराच्या दाराआड त्यांचा रेनकोट लटकत असे. तरी धंद्याची शिस्त म्हणून ते उठून बघून आले. होता. त्यांनी 'रेनकोट' टाकलं. चूक. पुन्हा जाऊन नीट पाहिलं आणि 'काळा रेनकोट' टाकलं. चूक. एक संधी उरली.

हात की-बोर्डवरून उचलून काकांनी मांडीवर ठेवले. स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून आत काय आहे ते सांगता येत नसेल, तर असल्या माणसाला त्यांनी स्वतः तरी दार उघडून दिलं असतं का? नसतं दिलं. हाकलून दिलं असतं.

शाळेतल्या बाई काकांचा विसरलेला स्क्रूड्रायव्हर द्यायला आल्या. काकांचा चेहरा पाहून त्यांनी स्क्रीन वाचली, मग आत जाऊन दाराआड डोकावल्या. रेनकोटाची एक बाही उसवलेली होती आणि टोपी दोरीने बांधलेली होती.

"हा अजून घालता?"

"नाही. पण चांगला आहे."

"तुमच्या दृष्टीने रेनकोट," बाई म्हणाल्या. "उत्तर कोणी लिहिलंय? त्या काय म्हणायच्या याला?"

काका की-बोर्डकडे वळले. मग त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, टाकलं: भंगार.

खातं उघडलं.

बाकीचं जावयाने फोनवरून करून घेतलं. या वेळी नव्या ब्राउझरने जुडगा मागितला तेव्हा काकांनी डोळे मिटून "हो" दाबलं. 'न' टाकला. नटी खाली सरकली आणि वर घोरणारा नवरा आला. काकांनी रेनकोट तिथेच राहू दिला. आता तर तो काढणं शक्यच नव्हतं, कागदोपत्री पुरावा होता तो.

पुन्हा रोजचं एक अक्षर सुरू झालं. 'ब' च्या दिवशी आलं, 'ब्राउझर बदलावा का'. त्याखाली, 'ब्राउझर बदलला हे नवऱ्याला कसे सांगावे'. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जावयाला मनातल्या मनात दिलेल्या बऱ्याच शिव्या परत घेतल्या.

आणखी काही दिवसांनी 'स' आला. साखरेला लागलेल्या मुंग्या त्यांना पाठ होत्या. पण मुंग्यांच्या वर एक ओळ होती, ती त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. 'सासरे ऐकत नसतील तर काय करावे'. काका चक्रावले. हिचे सासरे म्हणजे त्यांचे वडील, आणि ते तर कंप्युटर घरात यायच्या आधीच गेलेले. मग त्यांना तो रविवार आठवला, चहा आणि घाईने थांबलेली खटखट.

पुढच्या रविवारी जावई आला. काकांनी त्याला टेबलापाशी बसवलं आणि चहा दिला. तो थोडा चुळबुळला. आणखी एक नवा ब्राउझर आला होता, आणि इथे बसवलेलाही पाळत ठेवतो असं त्याला कळलं होतं. पण या घरात विषय काढायचा धीर होत नव्हता.

"जावईबापू," काका म्हणाले, "सासरे ऐकत नसतील तर काय करावं, सापडलं का काही?"

जावयाचा चहा घशात अडकला. त्याने कप खाली ठेवला.

"नाही बाबा," तो शेवटी म्हणाला.

"हिलाही नाही सापडलं," काका म्हणाले, आणि कंप्युटरवरचं झाकण काढून की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला. "चौतीस वर्षं शोधत होती."