गुरुअप्पांचे दोन फलाट

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की गुरुअप्पा ओट्यावर उभे राहून पुकारा करत. "कृपया लक्ष द्या. टँकर फलाट क्रमांक एकवर, कदमांच्या दारासमोर लागत आहे." माइक नसायचा, त्याची गरजही नव्हती. लातूरच्या बसस्थानकावर अप्पा कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर स्थानक सुटलं, पुकारा सुटला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पाहुण्यांना फलाट वाटून द्यायचे.

एका दुष्काळी उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यात विषय संगणक. त्यामुळे गल्लीला वाटायचं, मला सगळंच येतं. येत नाही हे सांगायचा मला धीर होत नसे.

अप्पांचा मुलगा महेश जपानात नोकरीला होता. बायको तिकडचीच, युमी. दोघं महिनाभर राहायला येणार होती. मागच्या खेपेला युमी सगळ्यांकडे बघून हसायची आणि मग तासन् तास गप्प बसायची. चार दिवसांत परत गेली. या खेपेला तिला घरात तिच्या भाषेत लिहिता-बोलता आलं पाहिजे, म्हणून अप्पांनी एक जुना कॉम्प्युटर आणला होता. इंटरनेट तेव्हा घरच्या टेलिफोनच्या तारेतून यायचं.

मी चाचरत सुचवलं, की एकाच पडद्यावर इंग्रजी आणि जपानी दोन्ही ठेवता येतील. अप्पांनी मान हलवली.

"एका गाडीला दोन पाट्या न्हाई चालत पोरा. पाशिंजर फसतंय."

म्हणून दोन लॉगिन केले. फलाट एक महेशचा, इंग्रजी. फलाट दोन युमीचा, जपानी. महेशनं पाठवलेली जपानी अक्षरांची सीडी घालून आम्ही दुपारभर बसायचो. बाहेर सगळी गल्ली घागरी रांगेत लावून झोपलेली. अप्पांनी जपानीत पाण्याला काय म्हणतात ते विचारलं. मी शोधून 'मिझू' असं इंग्रजी अक्षरांत टाईप केलं. आधी दोन गोलसर अक्षरं उमटली. लांब कळ दाबल्यावर ती विरघळली आणि त्यांच्या जागी एकच अक्षर उभं राहिलं, मधून धार पडावी तसं. आम्ही दोघं बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसलो. मला वाटतं, आमचा थोडा डोळाही लागला असावा.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घोळ झाला. काहीतरी सुधारायला गेलो आणि माझ्या हातून महेशचा फलाटही जपानी झाला. परतीची वाट त्याच अक्षरांत लिहिलेली. शेवटी खरं सांगितलं, "अप्पा, मला हे येत नाही."

अप्पा रागावले नाहीत. आतून एक रजिस्टर घेऊन आले. मी जिथं जिथं क्लिक केलं होतं, त्याची त्यांनी रोज वेळ घालून नोंद ठेवली होती. 'दु. २.१०. डावा कोपरा. खालून चौथं. उजवीकडं दुसरं.' ते वाचत गेले, मी दाबत गेलो. अर्ध्या तासात फलाट एक इंग्रजीत परत आला.

"गाडी टायमात आली," अप्पा म्हणाले.

युमी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसली. तिकडून तिच्या आईचा आवाज आला असावा, कारण ती एकदम बोलायला लागली आणि थांबेचना. अप्पा बाहेर ओट्यावर येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. त्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी ते मन लावून ऐकत होते.

मग हळूच म्हणाले, "महेशची माय कर्नाटकातली. लग्न होऊन आली तवा तिला मराठी येत न्हवतं. मी म्हणलो, शिकशील हळूहळू. दिवसभर मी स्टँडवर बोलत राहिलो, ती घरी म्हशीसंगं कानडीत बोलायची. लई वर्सं. मला वाटायचं, म्हशीचा लळा हाय तिला."

त्या माउलीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तेवढ्यात आत युमी मोठ्यानं हसली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. अप्पांनी हातानंच मला गप्प बसायची खूण केली.