चार होकारांचं एक पुस्तक

या वेळी आपल्या पुस्तकाला हरकत येणारच नाही, असं सावळीरामनानांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं. जाहीर म्हणजे घरात, आणि घरात म्हणजे फक्त पत्नी लंकाबाईंपुढे. पण नानांसारख्या माणसानं एवढं बोलणं म्हणजे शहरातल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर जाहीर सभा घेतल्यासारखंच होतं.

"तुम्ही आधी भाजीवाल्याला सांगा, नासका टोमॅटो परत घे म्हणून," लंकाबाई म्हणाल्या. "मग हरकतींचं बघू."

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले नाना ज्या वाचन मंडळात जात, तिथे कथा-कादंबरीला मज्जाव होता. खरीखुरी माहिती देणारंच पुस्तक वाचायचं, दर दोन महिन्यांनी एक. पाच सभासदांनी ते पाळीपाळीनं निवडायचं. दोघांनी हरकत घेतली की निवड रद्द आणि पाळी पुढच्याकडे. एखाद्याची निवड तीनदा रद्द झाली की त्याचा हक्क कायमचा गेला. त्यानं फक्त वाचायचं आणि सतरंजी अंथरायची. नानांची दोनदा झाली होती, एकदा कौलांच्या इतिहासामुळे आणि एकदा दातांच्या रोगांमुळे. सतरंजी ते तशीही अंथरत होते, पण हक्क असताना अंथरणं वेगळं.

या खेपेला त्यांच्या मनात गांडुळांवरचं पुस्तक होतं. बेत असा, की आधी एकेकाच्या घरी जाऊन त्याची आवड विचारायची आणि मग त्या आवडीत गांडुळं अलगद बसवायची. बेत उत्तम होता. त्यात नानांना तोंड उघडावं लागत होतं, एवढंच काय ते वैगुण्य.

पुंजाराम एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. नाना "पुस्तकाचं जरा..." एवढंच म्हणाले आणि पुंजारामांनी घाटरस्त्यांच्या बांधणीवरचा ठोकळा त्यांच्या मांडीवर ठेवला. हेच घेऊ या ना, असं त्यांनी विचारलं. नानांनी मान हलवली. मालकाच्या बोलण्यावर तीस वर्षं मान हलवून हलवून ती आता कोणाच्याही बोलण्यावर आपोआप हलायची. पंख्याचं बटण एकीकडे आणि पंखा भलतीकडे, असा प्रकार.

मुख्याध्यापिका मालनबाईंकडे झोपेच्या शास्त्रावरचं पुस्तक निघालं. मान हलली. बँकेतल्या चंदर साळवेनं गिरणी कामगारांच्या वस्त्यांची हकीकत पुढे केली, तीही चहाबरोबर. मान हलली. धोंडीरामांसाठी तर नाना एसटीनं निफाडला गेले. धोंडीराम विहिरींवरचं पुस्तक पोत्यात गुंडाळून तयारच ठेवून बसले होते.

"लय भारी हाय, नाना. झरा कसा शोधायचा ते बी दिलंय. मग पक्कं समजू?"

नाना घरी आले तेव्हा खांद्यावरच्या पिशवीनं ते एका बाजूला झुकले होते. चार होकार दिले होते आणि गांडुळाचं नावही निघालं नव्हतं.

शनिवारी पाच वाजता शाळेच्या खोलीत मंडळ जमलं. ज्याच्या घरचं पुस्तक निवडलं जायचं, फराळ त्याच्याकडून, असा मंडळाचा रिवाज. पुंजाराम चिवड्याचा डबा घेऊन आले. पाठोपाठ मालनबाई साबुदाणा वडे घेऊन आल्या. पुंजारामांना वाटलं, बाईंचा उपास असेल. चंदरनं जिलबीचा पुडा सोडला तेव्हा बाईंना वाटलं, याला बढती मिळाली. शेवटी धोंडीराम द्राक्षांची पाटी डोक्यावर घेऊन दारात उभे राहिले आणि खोलीत कोणाला काही वाटायचं शिल्लक उरलं नाही.

"नाना," पुंजाराम सावकाश म्हणाले, "तुम्ही किती जणांना हो म्हणालात?"

नानांनी बोटं वर केली. चार. मग अंगठ्याकडे पाहून तो घाईनं आत घेतला.

त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण होतं. पुंजाराम घाटरस्त्यांच्या बाजूनं बोलले, धोंडीराम म्हणाले की घाटात गाडी तापली की पाणी विहिरीचंच घालावं लागतं, चंदरनं विचारलं की रस्ते आणि विहिरी बांधणाऱ्यांबद्दल कोणी कधी वाचणार आहे की नाही, आणि मालनबाईंनी सगळ्यांना झोप कमी पडत असल्याचं निदान केलं. बोलता बोलता वडे संपले. जिलबीही आटोपत आली.

अखेर बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "नाना, उभे राहा." नाना उभेच होते. "पाळी तुमची आहे. तुम्हाला स्वतःला कोणतं पुस्तक हवंय?"

सतरंजीची कड त्यांच्या पायाखाली होती.

"गांडुळं," ते म्हणाले.

हरकतीला नियमाप्रमाणे पाच मिनिटं होती. पुंजारामांनी ताबडतोब हात वर केला. बाकीच्या तिघांनी मात्र मनाशी हिशेब मांडला. निवड रद्द झाली तर पुढची पाळी पुंजारामांची होती, म्हणजे घाटरस्ते, सातशे पानं. चंदरनं हात गुडघ्याखाली दाबून धरले. धोंडीरामांनी दोन्ही हातांत द्राक्षांचे घड घेतले.

पुंजारामांच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. हरकत एकच. मंडळात आल्यापासून पहिल्यांदा नानांचं पुस्तक मंजूर झालं! टाळ्या वाजल्या, पुंजारामांनीही चिवडा खाली ठेवून वाजवल्या. नानांचे कान लाल झाले होते, आणि प्रथमच ते लाजेनं झालेले नव्हते.

"आता दोन शब्द सांगा," मालनबाई कौतुकानं म्हणाल्या. "काय आहे पुस्तकात?"

नानांनी चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तसं मी ते वाचलेलं नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं कपाटात आहे. चांगलं असेल की नाही, माझं मलाच ठरवता येईना. म्हटलं, आधी तुम्ही चौघांनी वाचून सांगावं."