खोली झोपून बघावी

कुणाच्या घरी गेल्यावर माणूस बसतो. दामूकाका आडवे व्हायचे. चपला दाराशी, टोपी खुंटीला आणि काका थेट पलंगावर. यजमानीण चहाचं विचारायला बाहेर येईपर्यंत त्यांची गादीपासून छतापर्यंत तपासणी झालेली असे. "उभ्यानं तर दलाल बघतो," ते म्हणत. "खोली झोपून बघावी."

बँकेनं माझी बदली साताऱ्याहून एकदम बनारसला केली, तेव्हा ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत मी या काकांचा भाडेकरू झालो. खोली दाखवताना त्यांनी मलाही पलंगावर आडवं व्हायला लावलं आणि स्वतः शेजारी पडून पंख्याचा आवाज ऐकवला. तोवर मी त्यांचं आडनावही विचारलेलं नव्हतं.

काका रेल्वेत इन्स्पेक्टर होते. सरकारनं आपल्याला निरनिराळ्या गावी झोपण्याचा पगार दिला, असं ते खुशाल सांगत. रेस्ट हाउसांच्या पलंगांवर त्यांनी इतक्या रात्री काढल्या होत्या की उशी, गादी, नळ आणि डास या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. महाराष्ट्रातून माझे कुणी नातलग काशीला येणार म्हटलं की लॉज बघायला माझ्याआधी तेच निघत. मॅनेजरला वाटायचं, गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक पलंगावर पडे, भिंतीकडे तोंड करून बघे, कूस बदलून दाराकडे बघे आणि उठून निकाल देई, "गादी सरकारी आहे." त्यांच्या कोशात याहून मोठी शिवी नव्हती.

अशात पंचगंगा घाटाजवळचं एक जुनं यात्री-निवास दुरुस्त होऊन त्याचं चकाचक हॉटेल झालं. संगमरवर, गीझर, गंगेकडे उघडणाऱ्या खिडक्या. ही बातमी आली आणि काकांना चैन पडेना. "गुरू, हे तर बघावंच लागेल," असं ते मला येताजाता ऐकवू लागले. माझं कुणी येणार नव्हतं. त्यांचंही कुणी येणार नव्हतं. पण काका ऐकायला तयार नव्हते.

अडचण एकच होती. ते हॉटेल गावातल्या माणसांना खोली देत नसे. त्यावर काकांनी तोडगा काढला की आपण पुण्याचे व्हायचं. काकांच्या चार पिढ्या काशीत गेलेल्या आणि पुणे त्यांनी रेल्वेच्या टाइमटेबलात पाहिलेलं. तेव्हा मला शिकवणी घ्यावी लागली. पुण्यात वाक्याची सुरुवात 'गुरू'नं होत नाही आणि तोंडात पान ठेवून तक्रार करत नाहीत, एवढं गळी उतरवण्यात माझी संध्याकाळ गेली. मॅनेजर कानपूरचा होता. त्याला मराठीतलं ओ की ठो कळणार नव्हतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला, आणि खोलीचा त्याला कौतुकमिश्रित अभिमान होता. माझा कोट घातलेले काका नेहमीप्रमाणे आडवे झाले. गादी पास झाली. चादर पास झाली. संगमरवराबद्दल ते म्हणाले की माणूस झोपतो पाठीवर, फरशीचं काय करायचं. इथवर ठीक होतं. मग त्यांनी मला पलंग खिडकीकडे ओढायला लावला आणि पुन्हा पडले. उशी काढून पडले. उशी घेऊन पडले. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. मला वाटलं, आता हे काही पुण्याचं राहिलं नाही.

मॅनेजरनं मात्र गिऱ्हाईक खुशीत आहे असं समजून खिडकीबाहेर हात केला. "सामने देखिए, वह पंचगंगा घाट है।"

काका ताडकन उठून बसले. "अबे, वह ब्रह्माघाट है। हम वहीं पैदा हुए हैं।"

झालं. पुणे संपलं. कुणीही काही चुकीचं सांगावं आणि बनारसी माणसानं ऐकून घ्यावं, पण घाटाचं नाव चुकलेलं त्याला सहन होत नाही. मॅनेजरचा चेहरा बदलला. गावातच घर असताना इथं खोली कशाला हवी, असं त्यानं सरळ विचारलं, आणि त्याच्या मनात काय काय आलं असेल ते मला कळलं. मी दाराकडे सरकलो. काका पलंगाच्या कडेवर बसले होते.

"हमारी घरवाली दो साल से बिस्तर पर है," ते हळूच म्हणाले. "लेटे-लेटे गंगाजी दिखती हैं कि नहीं, वही देख रहे थे।"

काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खालच्या खोलीत पडून होत्या. गंगा दोन गल्ल्यांवर, आणि त्यांच्या खिडकीत शेजाऱ्याची भिंत. खुर्चीत बसवून घाटावर नेतो, असं आम्ही कितीदा म्हटलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. काशीत घाटावर माणसाला उचलून एकदाच नेतात, तेव्हा न्या.

मॅनेजरनं बूट काढले, टाय सैल केला आणि स्वतः पलंगावर आडवा झाला. खिडकीकडे मान करून म्हणाला, "थोड़ा और बायें।" आम्ही तिघांनी मिळून पलंग पुन्हा सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू वेताच्या खुर्चीतून हॉटेलात आल्या. हॉटेलात जायला त्यांची ना नव्हती. आम्ही त्यांना पलंगावर निजवलं. उजाडत होतं. काका त्यांना गीझर, गादी आणि आरसा यांची माहिती देत होते. काकू काहीच ऐकत नव्हत्या. त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले होते आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बघितली मी. आता तुम्ही नहायला जा."

मला वाटायचं, ब्रह्माघाटावर जन्मलेला हा माणूस रोज गंगेत नहात असेल. काकूंनी मला सांगितलं, "हे दोन वर्षं पहाटे अंधारात अंगणातल्या नळावर नहातात. मला जाता येत नाही, म्हणून हे पण जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, पाणी थंड आहे."

"थंड तर असतंच," काका छताकडे बघत म्हणाले.

"जा. मी इथून बघते."

काका गेले. थोड्या वेळानं ते खाली पाण्यात उतरताना दिसले. सूर्य नुकताच वर आला होता आणि पाण्यातली सगळी माणसं हात जोडून त्याच्याकडे तोंड करून उभी होती. दामूकाकांनी एकट्यानं सूर्याकडे पाठ केली, आमची खिडकी शोधून काढली आणि तिच्याकडे बघत बुडी मारली.