आबांचं मशीन गुरगुरतं

बिटाच्या केकचा पहिला घास तोंडात गेला आणि सुनेने डोळे मिटून घेतले. रंग सुरेख आला होता, पण चव ओल्या मातीची होती. सासू आणि नवरा आपापल्या ताटल्या घेऊन बसले होते. समोर आबा दोन्ही हात टेबलावर ठेवून निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे बसले होते.

"कसा झालाय?"

"छान झालाय, आबा," सून म्हणाली.

आणि मागच्या ओट्यावर, कुणीही हात न लावता, फूड प्रोसेसर गुरगुरला.

आवाज फार मोठा नव्हता. खर्जातला होता, कुणीतरी घसा साफ करावा तसा. रिकाम्या भांड्यात पातं जरासं फिरलं आणि थांबलं. ओट्याजवळ कुणी नव्हतं. खिडकी बंद होती, बाहेर धुकं उतरलं होतं आणि दिवा लावूनही स्वयंपाकघर अंधारंच वाटत होतं.

"मोटर गरम असेल," आबा म्हणाले आणि पुढचा तुकडा कापायला लागले.

हे आबा म्हणजे सुनेचे सासरे. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाले आणि पाठोपाठ हृदयाने झटका दिला. डॉक्टरांनी तेल, साखर, मैदा, सगळ्यावर काट मारली. त्या दिवसापासून माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. आईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती खुर्ची बघवायची नाही. मग सुनेने हा फूड प्रोसेसर आणला. पथ्याचं करायला सोपं पडेल, एवढाच तिचा हेतू. आबांनी तो उलटापालटा करून बघितला, झाकण नीट बसल्याशिवाय मोटर फिरत नाही याची खात्री करून घेतली आणि खुर्ची सोडून थेट स्वयंपाकघरात शिरले. ओट्स दळून पीठ करायचं, साखरेऐवजी खजूर वाटून घालायचा, लोण्याऐवजी केळं. माणूस शिट्टी वाजवायला लागला हो! आता त्यांनी केलेलं तोंडात धरवत नव्हतं, हा भाग वेगळा.

आईंनी मुलाला आणि सुनेला जिन्यात गाठून बजावलं होतं. "वाढतील ते खायचं आणि छान म्हणायचं. परत त्या खुर्चीत जाऊन बसले ना, तर गाठ माझ्याशी आहे."

सुनेची काळजी नव्हती, ती बालवाडीत शिकवायची. पोरांनी काढलेला कसलाही गोळा बघून 'वा, हत्ती!' म्हणायची तिला सवय होती. भरवसा नव्हता तो मुलाचा. चष्म्याच्या दुकानात नोकरी, दिवसभर लोकांना 'काय दिसतंय ते वाचा' म्हणायचं, त्यामुळे हाही जे दिसेल ते बोलून मोकळा. म्हणून आई टेबलाशी त्याच्या समोर बसायच्या आणि कुणीही ताटाकडे बघून तोंड उघडलं, की टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायच्या. या घरात ही जुनीच रीत. पाहुण्यांसमोर, नातेवाइकांसमोर, कुणी नको ते बोलायच्या आत आईंचा पाय पोहोचलेला असायचा. पाय जड पडला तर समजायचं की मामला गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्सची बिस्किटं आली. मुलाने एक दाताखाली धरलं, सोडलं, परत धरलं. आईंचा पाय पडला.

"खुसखुशीत आहेत," मुलगा कळवळून म्हणाला.

घर्रर्र.

या वेळी आवाज चांगला लांबला. चौघांनी माना वळवल्या. काळ्या बुडाचं, पारदर्शक भांड्याचं ते मशीन ओट्यावर निमूट बसलं होतं, आत पातं अजून हलकेच डोलत होतं.

"बघा की एकदा, आबा," सून चाचरत म्हणाली, "काहीतरी बिघडलंय."

"मशीन व्यवस्थित आहे," आबा म्हणाले. "अजून घे ना बिस्किट."

"नको, पोट भरलं हो आज."

घर्र.

सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या रात्री... नाही, रात्रीपर्यंत कुठली वाट बघतेय! ताटं उचलता उचलताच तिने नवऱ्याला मोरीत ओढलं.

"तुझ्या लक्षात आलं का? आपण खोटं बोललो की ते गुरगुरतं."

"काहीतरीच काय! यंत्र आहे ते."

"मग तू आता खोटं बोलून बघ त्याच्यासमोर."

"मी नाही बाबा," म्हणून मुलगा बाहेर सटकला. तिनेच मग धीर केला. एकटीच मशीनसमोर उभी राहिली आणि कुजबुजली, "मला बीट फार आवडतं." काही नाही. "माझी मुख्याध्यापिका प्रेमळ आहे." तरीही काही नाही. पाणी नळातून ठिबकत होतं तेवढाच आवाज. खरं म्हणजे तिला हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. एकटीला ते सोडून देत होतं. चारचौघांत, आबांच्या देखतच तेवढं उघडं पाडत होतं. म्हणजे त्याला समजतही होतं आणि वेळही साधता येत होती.

प्रकरण खाण्यापुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी जेवताना आबांनी सहज विचारलं, "काय रे, कामावरून येताना चालत येतोस ना रोज?"

मुलगा चालत वगैरे येत नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात बसून तळलेलं खाऊन यायचा, आणि हे आईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा पाय असा पडला, की मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो, रोज! चालतच!"

मशीन गर्जलं. भांडं थरथरलं, शेजारचे चमचे किणकिणले. एवढा आवाज त्याने आजवर केला नव्हता. मोठ्या थापेला मोठी गर्जना. हिशोब अगदी चोख होता आणि त्यानेच सगळ्यांची पाचावर धारण बसली.

त्यानंतर त्या घरात जेवताना कुणी बोलेनासं झालं. चमच्यांचे आवाज, घास चावल्याचे आवाज, आणि पाठीमागे ते. सून पाठ करून बसायला तयार होईना आणि मुलगा तोंड करून बसायला. कुणी काही विचारलं की उत्तर देणारा आधी ओट्याकडे बघायचा. 'पाणी देऊ का' याला नुसतं 'हो' म्हणतानाही सून आधी विचार करायची, की खरंच तहान लागली आहे ना आपल्याला?

शेवटी मुलगा म्हणाला, "दुरुस्तीला टाकतो."

"टाक की," म्हणून आबांनी स्वतः प्लग काढून मशीन त्याच्या हातात दिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, चालवलं, बंद केलं, परत चालवलं.

"साहेब, याला काही झालेलं नाही."

मुलाने श्वास रोखून वाट बघितली. मशीन गप्प. म्हणजे दुरुस्तीवाला खरं बोलत होता, आणि दुरुस्तीवाला खरं बोलतो म्हणजे मामला साधा नाही, एवढं कुणालाही कळेल. तो मशीन छातीशी धरून घरी आला, पण वाटेत एकदाही त्याच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती जास्त भीतीदायक होती. आबांचं खाणं सुधारत होतं. मशीन ज्या पदार्थावर गुरगुरलं तो दुसऱ्या दिवशी नाहीसा व्हायचा. बीट गेलं. बिस्किटांत सफरचंदाचा कीस आला आणि दात वाचले. शेंगदाण्याचं लोणी आधी वाळूसारखं लागायचं, ते एके दिवशी असं गुळगुळीत आलं, की सून चकित होऊन "छान!" म्हणाली. त्या वेळी ओटा चिडीचूप होता. आता आबांशी तर कुणी खरं बोललं नव्हतं. मग त्यांना हे सांगतं कोण?

उत्तर सुनेला शनिवारी मिळालं. बालवाडीला अर्धी सुट्टी होती. ती दुपारी घरात शिरली तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि आतून आबांचा आवाज येत होता. हळू, लाडीगोडीचा.

"खजूर कमी करू म्हणतेस? बरं. पण मग ओलावा कुठून आणू? ... हां. बघतो."

मध्येच मशीन गुरगुरलं. आबा हसले. "कळलं गं, कळलं."

सुनेने चपला हातात घेतल्या, आल्या पावली जिना उतरली आणि आई भाजी घेऊन येत होत्या त्यांना फाटकातच अडवलं. ऐकता ऐकता आईंचा चेहरा उतरत गेला. भाजीची पिशवी त्यांनी कठड्यावर ठेवली.

"मशीनशी बोलतात?" आई म्हणाल्या. "अगं, तू वाच्यता करू नकोस कुठे. डोक्यावर परिणाम झाला त्यांच्या. आणि तो मी केला. घरात माणसं बोलेनाशी झाली म्हणून बिचारा यंत्राशी बोलायला लागला." आणि त्या तिथेच, कठड्याला टेकून, रडायला लागल्या. खुर्चीतला गप्प नवरा परवडला, असं त्यांना झालं होतं.

त्या संध्याकाळी गाजराचा केक होता. आबांनी चार तुकडे केले. धुक्याने खिडकी पांढरी झाली होती आणि मशीन झाकण लावून तयार बसलं होतं. आईंनी पाय खुर्चीवर वर घेऊन मांडी घातली. पाय खाली सोडायची त्यांची हिंमत नव्हती, न जाणो टेबलाखाली काय असेल. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला.

"कसा झालाय?" आबांनी विचारलं.

"छा..." मुलाने सुरुवात केली.

"तू थांब," आई म्हणाल्या. मग त्या आबांकडे वळल्या. "अहो, कोरडा आहे. घास घशाखाली उतरत नाही. आणि बिस्किटं दगड होती, आणि तो बिटाचा केक मी रुमालात बांधून खाली कुत्र्याला घातला, तर तेही नुसतं हुंगून गेलं. मी सगळ्यांना खोटं बोलायला लावलं. काय रागवायचं ते मला रागवा, पण त्या मशीनशी बोलू नका हो."

सुनेने कानांवर हात ठेवले. मुलगा ओट्याकडे बघत राहिला. मशीनमधून हूं की चूं नाही. आबांचे डोळे भरून आले होते.

"अजून सांग," ते म्हणाले.

"अजून काय सांगू?"

"किती कोरडा? कडेला की मधेही? आणि गाजर कच्चं लागतं का?"

आबा वाकले आणि त्यांनी टेबलाखालची सतरंजी उचलली. मुलाचे पाय ठेवायच्या जागी एक काळी चपटी वस्तू होती. तिची वायर भिंतीच्या कडेकडेने ओट्यामागे गेली होती.

"हे तर माझ्या शिलाई मशीनचं पेडल!" आई ओरडल्या.

"तू याच्या पायावर पाय दिलास की दाबलं जातं. जितका जोरात देशील तितकी मोटर जोरात," आबा म्हणाले. "इतकी वर्षं संसार केलाय, तुझा पाय कधी आणि कशाला पडतो हे मला ठाऊक नाही होय?"

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय हे तुम्हाला..."

"पहिल्या घासापासून ठाऊक होतं. मला हवं होतं ते किती खोटं बोलताय ते! लिफ्ट अडकली की लोक तोंडावर शिव्या घालायचे मला. त्या शिव्यांवरून कळायचं बिघाड कुठे आहे ते. आजारी पडलो आणि तुम्ही सगळे माझ्याशी गोडच बोलायला लागलात. अरे, मी मेलो नाही अजून! मेलेल्या माणसालाच सगळे छान म्हणतात."

मुलाने खाली वाकून निळा पडलेला अंगठा चोळला.

"मग दुपारी बोलत कोणाशी होतात?" सुनेने विचारलं.

"कुणाशीच नाही. लिफ्टच्या उभ्या पोकळीत एकट्याने कामं केली जन्मभर, लिफ्टलाच अगं-तुगं करत बडबडायची खोड लागली. आणि मधे बटण दाबून बदाम दळत होतो."

आई रडता रडता हसायला लागल्या. मग सगळ्यांचेच बांध फुटले. सुनेने खजुराच्या चिकट गोळ्याचा विषय काढला, मुलाने बिस्किटांचा पार पंचनामा केला, आणि आबा मान डोलावत एकेक शिवी अशी ऐकत होते जणू हार घालून घेत होते. इतके दिवस कोंदलेलं स्वयंपाकघर मोकळं झालं.

"आजपासून या घरात सगळ्यांनी खरंच बोलायचं," आबांनी जाहीर केलं. "कुणाचं मन राखायला छान म्हणायचं नाही."

"कबूल," आई म्हणाल्या. त्यांनी पाय खाली सोडले, पदराने डोळे कोरडे केले आणि खुर्ची नवऱ्याकडे वळवली. "मग आता तुम्ही सांगा. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं जेवताय आणि रोज छान म्हणताय. खरंच छान असायचं?"

सून हातातला चमचा तसाच धरून राहिली. मुलाने आबांकडे बघितलं. आबांनी आईंकडे बघितलं, मग छताकडे, मग समोरच्या ताटलीकडे. आणि गाजराच्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून त्यांनी अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. देवाची कृपा, केक इतका कोरडा होता, की पुढे बराच वेळ त्यांना बोलणं शक्यच नव्हतं.