हव्वाबाईंचा मृत्युलेख

"बातमी मोबाइलवर येते, पण टिकते पेपरातच," असं कृष्णकांत भेटेल त्याला ऐकवायचे. 'पाणवठा' हे साप्ताहिक त्यांनी पनवेलमध्ये बत्तीस वर्षं चालवलं होतं. एके काळी पळस्प्याला ट्रक उलटला की लोक शुक्रवारच्या अंकाची वाट बघायचे. आता ट्रक उलटायच्या आधीच व्हिडिओ येतो, असं ते स्वतःच म्हणायचे आणि एकटेच हसायचे.

त्या गुरुवारी अंक छापखान्यात पाठवायला तासभर उरला होता, तेवढ्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर आला: हव्वाबी मॅडम गेल्या.

कृष्णकांत ताठ बसले. मुख्याध्यापिका हव्वाबाईंनी अर्ध्या पनवेलला मराठी शिकवलं होतं. एकदा तरी या मोबाइलवाल्यांना गाठायचंच, या ईर्षेनं त्यांनी पहिल्या पानावरची तुंबलेल्या गटाराची बातमी काढली आणि पाऊण तासात असा काही मृत्युलेख लिहिला, की शेवटच्या ओळीला त्यांचेच डोळे भरून आले.

"त्यांच्या घरी फोन करून विचारलंत का?" पत्नी पद्मजानं विचारलं.

"अशा वेळी कशाला त्रास द्यायचा त्यांना?"

शुक्रवारी अंक वाटून झाल्यावर त्यांनी ग्रुप उघडला. गेलेल्या हव्वाबी दुसऱ्याच, करंजा गावच्या होत्या. ज्यानं चूक केली तो दहा मिनिटांत मजकूर पुसून, 'सॉरी' टाकून मोकळा झाला होता. छापलेले आठशे अंक कशानं पुसायचे?

माफीचा मजकूर लिहून कृष्णकांत फोनशेजारी बसले. आता शिव्या पडणार. दुपार झाली, संध्याकाळ झाली, फोन काही वाजला नाही.

"बरं झालं, कोणी रागावलं नाही," पद्मजा म्हणाली. कृष्णकांतांनी फोन चालू आहे ना, ते पुन्हा उचलून बघितलं.

सकाळी उठून ते थेट हव्वाबाईंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. हातात 'पाणवठा' आणि लाल पेन होतं.

"या भाऊ. मरहूमा, म्हणजे तुमची दिवंगत हव्वाबी, घरीच आहे."

"बाई, फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

"एक नाही, दोन. 'निर्भीड'मधला भी ऱ्हस्व काढलाय. माणूस मेलं म्हणून शुद्धलेखन मरत नाही." त्यांनी चहा पुढे केला. "पण लिहिलंय दिलसे. जिवंतपणी एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं."

कृष्णकांतांच्या जिवात जीव आला. "लोकांच्या फोननं हैराण झाला असाल."

"नाही. कोणाचाच नाही आला."

"शेजारी तरी आले असतील?"

"आले की. विरजण मागायला." त्या चष्मा पुसू लागल्या. "मग मीच पानाचा फोटो काढून शहजादला दुबईला पाठवला."

"मुलगा भडकला असेल माझ्यावर."

"नाही हो." त्यांनी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली, पण वर बघितलं नाही. "त्यानं एवढंच विचारलं, अम्मी, 'पाणवठा' अजून निघतो?"