आप्पांचा कॅमेरा आणि ओवीचा डोळा

आमच्या आप्पांना कुठं भोक दिसलं की त्यात कॅमेरा सोडल्याशिवाय चैन पडत नाही. आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते, आणि त्यांचा धंदाच तो. वडूजच्या बाजूला कुणाच्या बोअरमध्ये मोटर अडकली की आप्पा वायरीला बांधलेला कॅमेरा खाली सोडतात आणि कुठं काय अडकलंय ते सांगतात. पण तेवढ्यावर थांबतील तर आप्पा कसले. त्यांनी आमच्या मोरीच्या पाइपात कॅमेरा घातलाय, माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातलाय, आणि ऐन माझ्या साखरपुड्यात मांडवाशेजारच्या उंदराच्या बिळातही. सासुरवाडीची माणसं बघतच राहिली. वर यांचं ठरलेलं, "बगितल्याबिगर बोलू न्हाई, गड्या."

आप्पांची नात ओवी, दोन वर्षांची. तिचा डावा डोळा जन्मापासून वाहायचा, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या. मालिश झालं, थेंब झाले, अश्रूच्या नळीत बारीक तार घालूनही झालं. बऱ्याच पोरांचं तेवढ्यावर भागतं म्हणे. हिचं भागलं नाही. डोळ्याचा कोपरा सुजायला लागला तेव्हा मात्र आम्ही हबकलो. तिचा बाप फौजेत, म्हणून तिची आई, आप्पा आणि मी तिला घेऊन सांगलीला गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भूल देऊन पुन्हा तार घालू. या वेळी नाकात दुर्बीण ठेवू."

आप्पा ताडकन उठले. "आवं बाई, दुखनं डोळ्याचं आन् दुर्बीण नाकात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "डोळ्यातलं पाणी त्या नळीतून नाकात उतरतं. तार तिथं नीट बाहेर पडली का, ते दुर्बिणीतून दिसतं. रडलं की आपलं नाक गळतं ना, ते त्यामुळंच."

आप्पा मटकन खाली बसले. इतके हादरलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "सत्तर वरसं झाली. ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई," एवढंच बोलले.

ऑपरेशनच्या दिवशी मला धास्ती होती, हे आत घुसतात की काय. पण आप्पा बाकावरून हललेच नाहीत. शेवटी बाई बाहेर आल्या. नळीच्या खालच्या तोंडावर पातळ पडदा होता, तार त्याच्या आतच अडकत होती. तो कापला, आणि डोळ्याकडून सोडलेलं पाणी नाकात उतरलं. "आतलं सगळं रेकॉर्ड झालंय. बघता का?"

आप्पांनी हात जोडले. "नगं बाई. लेकराच्या आतलं न्हाई बगवायचं मला."

मी चाटच पडलो.

भूल उतरल्यावर ओवीनं भोकाड पसरलं, आणि तिचं डावं नाक वाहायला लागलं. आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं. परत आलं, परत पुसलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजी काकू गेली तवा मला म्हैनाभर सर्दी हुती. आठवतंय का रं?"

आठवत होतं. बायको गेली तरी हा माणूस रडला नाही, म्हणून अख्ख्या भावकीनं त्यांना नावं ठेवली होती. मीसुद्धा.

"मला खरंच सर्दी वाटली रं," आप्पा म्हणाले. "गोळ्या घेत हुतो मी."