कुरडया आणि कायद्यातला शेजारी

स्वारगेटला एका मोटरसायकलवाल्याने माझ्या स्कूटरचा आरसा तोडला. मी दोन शब्द बोललो, तर म्हणाला, "काय कायद्याने करायचं ते करा, काका." आरशापेक्षा 'काका' जास्त लागलं. मी ठरवलं, कायदाच शिकायचा. (नवा आरसा बसवून घेणं सोपं होतं, हे माझ्या बायकोने, राधाने, तेव्हाच सांगितलं होतं.)

सदाशिव पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात अपकृत्य कायद्याचं एक गाईड मिळालं. इंग्रजीत याला 'टॉर्ट' म्हणतात. अपकृत्य म्हणजे गुन्हा नव्हे, करारभंगही नव्हे. मग काय, हे पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचूनही कळेना. मी रोजनिशी लिहितो. त्या आठवड्यात रोज शेवटचं वाक्य एकच आहे: 'अजून स्पष्ट झालं नाही.'

समजावून सांगितलं की समजतं, म्हणून मी राधाला धरलं.

"ऐक. कायद्यात शेजारी म्हणजे शेजारी नव्हे."

"मग कोण?"

"आपल्या निष्काळजीपणाचा ज्याला फटका बसू शकतो, तो प्रत्येक जण."

"म्हणजे लग्न झाल्यापासून मी तुमची शेजारीणच आहे."

मी पान उलटलं. "आता हे बघ. कधी हानी असते, पण अपकृत्य नसतं."

"आणि कधी डबा असतो, पण साखर नसते. उठा, आणा."

इथे फोनची गोष्ट सांगायला हवी. आमची मुलगी आम्रपाली कॉम्प्युटरचा कोर्स करून एका सॉफ्टवेअर कंपनीची परीक्षा देऊन आली होती. पास झालात तर शनिवारी फोन करू, असं त्यांनी सांगितलेलं. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत तेव्हा फोन एकच, तळमजल्यावर द्वारकाताईंकडे. अर्जावर त्यांचाच नंबर दिलेला, पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजारच्यांचा, असं लिहून. फोन आला की त्या अंगणातून वर हाक मारायच्या.

त्या शनिवारी मी गॅलरीत मोगऱ्याला पाणी घालत होतो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात गाईड. प्रकरण निष्काळजीपणाचं. 'सामान्य शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी,' एवढं वाचेपर्यंत कुंडी भरली, ओसंडली, आणि बादलीसुद्धा कलली.

खालून आवाज आला. "अहो रतनराव! माझ्या कुरडयांना आंघोळ घालताय का?"

मी वाकून पाहिलं. पहाटे उठून घातलेल्या कुरडयांचा चादरीवर लगदा झाला होता.

'चुकलो, ताई' हे शब्द ओठांवर आले होते. पण गाईडात ठळक अक्षरांत छापलं होतं की चूक चटकन कबूल करू नये. मी घसा साफ केला.

"द्वारकाताई, आधी आपण हे पाहू, की तुमच्या कुरडयांबाबत माझ्यावर काही कर्तव्य होतं का."

"काय होतं?"

"शिवाय वर कुंडी आहे हे माहीत असून तुम्ही खाली चादर पसरलीत. म्हणजे कायद्याने तुमची संमती धरली जाते."

"कुरडया भिजवायला मी संमती दिली?"

"गृहीत आहे."

द्वारकाताई चादरीचं एक टोक उचलून थांबल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "बरं. तुमचा फोन आला तर मलाही आधी पाहावं लागेल, वर हाक मारायचं माझ्यावर काही कर्तव्य आहे का."

मी घाईने गाईड चाळलं. नव्हतं! बुडणाऱ्या परक्या माणसाला हात देण्याचंसुद्धा सहसा नसतं, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"त्यांचं बरोबर आहे," मी आत जाऊन म्हणालो.

"बाबा!" आम्रपाली किंचाळली. "आज फोन यायचाय!"

राधाने माझ्या हातातून गाईड घेतलं आणि दाराकडे बोट केलं.

जिना उतरताना मला शेवटचं प्रकरण आठवलं. नुकसान झालेल्याला शक्य तितकं पूर्वस्थितीत आणावं. मी खाली जाऊन तेच म्हणालो.

"पूर्वस्थितीत म्हणजे?" द्वारकाताईंनी विचारलं.

"कुरडया परत घालून देतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चीक थोडा उरलाय. शिजवते. सोऱ्या फिरवता येतो?"

"शिकेन."

"कायद्यासारखा नका शिकू."

त्यांनी नवी चादर पसरली, जुन्याच जागी. (दुसरीकडे ऊन नव्हतं.) मी मांडी घालून बसलो. गरम चीक भरलेला सोऱ्या फिरवताना हात भरून आले. माझी पहिली कुरडई नदीच्या नकाशासारखी झाली. द्वारकाताई म्हणाल्या, "ही तुमच्याच घरी पाठवते."

तेवढ्यात घरात फोन वाजला. माझा सोऱ्या थांबला. द्वारकाताई आत गेल्या, बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत त्यांनी इमारत हादरेल अशी हाक मारली, "आम्रपालीऽऽ! कंपनीचा फोन! चप्पल नको घालत बसू!"

पोरगी अनवाणीच धावत आली. मी हळूच म्हणालो, "ताई, तुमच्यावर कर्तव्य नव्हतं."

"तुम्ही तो सोऱ्या फिरवा."

आतून 'येस सर, येस सर' ऐकू येत होतं. मग आम्रपाली बाहेर आली आणि माझ्या गळ्यातच पडणार होती, पण चीक पाहून थांबली. "बाबा, लागली! सोमवारी बोलावलंय!" आणि जिन्यावरून ओरडत वर गेली, "आई, नोकरी लागली!"

वर राधा मोगऱ्याला उरलेलं पाणी घालत होती. बातमी ऐकून तिने आनंदाने दोन्ही हात वर केले. बादली सोडून.

पाणी आधी माझ्या डोक्यावर पडलं, मग नव्या कुरडयांवर.

मी चष्मा पुसून वर पाहिलं. "अगं, खाली माणूस बसलाय!"

"वर कुंडी आहे हे माहीत होतं ना?" राधा कठड्यावरून म्हणाली. "मग संमती गृहीत आहे."

हानी असते पण अपकृत्य नसतं, म्हणजे काय, ते मला त्या क्षणी लख्ख समजलं. रोजनिशीत तसं लिहायचं, असं मी तिथेच ठरवलं. तेवढ्यात द्वारकाताईंनी लगद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोरडा टॉवेल पुढे केला.

"पुसा. मी पुन्हा गहू भिजत घालते," त्या म्हणाल्या. "आणि रतनराव, पुढच्या खेपेला पूर्वस्थितीत आणायला राधाताईंना पाठवा. त्यांना कायदा येतो."